पिवळी लाइट लागली की माणसं बिथरतात

तीस वर्षं गॅरेज चालवलं की पान्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. मंगरूळपीरच्या माझ्या गॅरेजमध्ये एकाच बिघाडाचे इतके किस्से जमलेत, की आठवले तरी डोकं तापतं! सायलेन्सरच्या पाइपात धूर साफ करणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो नीट काम करत नाही असं गाडीला वाटलं की समोर पिवळी लाइट लागते. नुसतं वाटलं, बरं का! डबा खरंच गेलाय की दुसरंच काही, ते शोधावं लागतं. मी शोधतो आणि सापडेल ते खरं सांगतो. इथंच माझं चुकतं! माझा शब्द कुणी एका झटक्यात मानला असेल तर शपथ.

* * *

एक सर आले. मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचून, व्हिडिओ पाहून, नवा डबा मागवूनच आले. "मिस्त्री, फक्त बसवून द्या."

मी गाडी वर घेतली. डब्याच्या आधीच्या जॉइंटचं पॅकिंग फुटलं होतं. तिथून हवा आत शिरते आणि धूर तपासणारा सेन्सर फसतो. पॅकिंग बदललं, चार दिवसांत लाइट गेली, नवा डबा खोक्यातच राहिला.

सर खूश? छे! "एवढी महागाची गाडी अन् एवढासा बिघाड? नीट पाहा, मोठं काहीतरी असन!"

* * *

किन्हीराजाच्या एका काकांची गाडी चारऐवजी तीन सिलिंडरवर थडथडत आली. चौथ्यातलं पेट्रोल न जळता डब्यात जाणार आणि तिथं पेटणार. म्हटलं, "काका, प्लग बदला."

"कायले? घरात चार भाऊ असले तं एक बसूनच खाते. घर चालतेच ना?"

महिन्याभरानं पुन्हा दारात. डबा तापून लाल झालेला, गाडी खळ्यात कुटारावर, म्हणजे सुक्या भुशावर, उभी केली होती, तर खालून धूर! शेजारी पाणी घेऊन धावले म्हणून निभावलं. मी भडकलो, "सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं, पन जोरात नाही सांगतलं!"

* * *

डब्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. धूर तिच्यातूनच साफ होतो. केनवडच्या एका पठ्ठ्यानं डबा काढला आणि पहारीनं ती जाळी फोडून बाहेर काढली. वर अभिमान!

"टोपलंभर कचरा निंगाला, मिस्त्री! एवढं साफ केलं, तरी लाइट काहून लागून राह्यली?"

मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यावर तो म्हणतो, "तुमी काम कमी अन् भांडन जास्त करता."

* * *

एकाला गाडी विकायची होती. "लाइट पुसून द्या, एका दिवसापुरती." मशीनवरून कोड पुसला की लाइट जाते, बिघाड तिथंच राहतो. मी साफ नकार दिला आणि वर फसवणुकीवर भाषण ठोकलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ठीक हाय, दुसरीकून पुसतो. पन घेनारे तुमचे साडू हायेत, त्याईले सांगू नका!"

* * *

आणि सुधाकर! याचा गावाजवळ भाजीचा मळा, रोज स्वतःच्या गाडीतून वांगी-कोथिंबीर बाजारात नेतो. त्याला म्हटलं, पाइपाला चीर आहे, वेल्डिंग करू, एक दिवस गाडी ठेव. त्याला सवड नाही. लाइट डोळ्यांत खुपते म्हणून यानं काय करावं? तिच्यावर टिकली चिकटवली! चांगली मोठी, मरून.

आठ दिवसांनी बायकोच त्याला घेऊन गॅरेजमध्ये आली.

"भाऊ, गाडीत टिकली सापडली. मी मरून लावत नाही. हे म्हनतेत, लाइट झाकाले लावली. खरं असन तं सांगा, नाही तं आजच माहेरी चालली मी."

सुधाकरनं माझ्याकडे पाहून हात जोडले. मी टिकली काढली, इंजिन सुरू केलं. लाइट गायब! ही लाइट कधी कधी आपोआप विझते, पण त्या बाईला हे कुठल्या तोंडानं सांगू? स्कॅनर लावला. जुना कोड आत होता.

"मशीन तुमचं, त्याच्यात लिहिनारे बी तुमीच!"

तीस वर्षं खरं बोललो, आणि एका संसाराचा प्रश्न आला तेव्हा माझ्या शब्दाची ही पत! असा संताप आला! गाडी वर घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि म्हटलं, "या वहिनी, स्वतःच पाहा."

चिरेपाशी काजळीचा काळा पट्टा होता आणि फुस्स फुस्स आवाज येत होता. त्यांनी वाकून कान लावला. हात जवळ नेला, गरम वाफ लागली तसा मागे घेतला. मग पदर सावरत उभ्या राहिल्या.

"पटलं, भाऊ. बिघाड खरा हाय."

सुधाकरचा जीव भांड्यात पडला. माझाही ऊर भरून आला.

तेवढ्यात त्या नवऱ्याकडे वळल्या.

"टिकली सुटी भेटत नाही, दहाचं पाकीटच घ्या लागते. मंग बाकीच्या नऊ कोठी हायेत?"