सुमनवहिनीची गाठ

सुमनवहिनी, माळेची ती गाठ तू शिकवलीस म्हणून त्या दिवशी माझी मान वर राहिली. आज इथं सुरतेत दोऱ्याला मेण लावताना तोच वास आला आणि सापगावचं सासर आठवलं.

सातवीतून शाळा सुटलेली मी. चूल, पोरं, गोठा उरकून दुपारी शेजारी तुझ्या ओटीवर मणी ओवायला बसायची. नणंद टोमणे मारायची, "शिकली नाय, आता मणी मोजते." आणि दिराच्या हळदीला तिनंच माझी पांढरी माळ न विचारता डोक्यातून घातली, दोरा ओढून गळ्याशी बसवली. मांडवभर सांगत सुटली, "मीच ओवलीय गो!"

मी भाकरीच्या परातीत मान खाली घातली. तू मात्र हळदीची वाटी घेऊन तिच्यापुढं उभी राहिलीस. "मणी पिवळे होतील, ताई. तुमीच ओवलीय ना? मग सोडा."

ती दोरा ओढत राहिली. ओढलं की ती गाठ आणखी आवळते, सोडायची खूण तुला नि मलाच ठाऊक. बाया हसायला लागल्या. शेवटी तिनं मलाच हाक मारली, "ये गो, सोड ना!"

"आले हां, हात पिठाचे हायत," म्हणून मी भाकरीचं पीठ सावकाश मळत बसले.

शेवटी सासूच्या धाकानं उठले नि गाठ सोडली. आता वाटतं, आणखी एक परात मळायला हवी होती.

वहिनी, एकदा सापगावला येईन, माझ्या हातची माळ तुझ्या गळ्यात घालीन. आणि त्याच बायांना सांगेन, ओवली मी, पण गाठ हिची.