मामा म्हणजे आई

"नऊ वर्सांची?" फोनवर सासूबाईंचा आवाज चढला. "तान्हं न्हाय मिळत व्हय तिकडं?"

टांझानियात आम्हाला सहावं वर्ष चालू होतं. माझा नवरा तिथल्या एका साखर कारखान्यात पॅनवर होता. रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं काम. निपाणीकडची बरीच माणसं या कामाला आफ्रिकेत जातात. मूल नव्हतं, आणि दवाखाने करून करून आम्ही थकलो होतो.

कारखान्याच्या गावात अनाथ मुलांचं एक घर होतं. तिथं मी आठवड्यातून दोनदा शिवण शिकवायला जायची. मी वडगावच्या विणकराची मुलगी, हातात कापड नसलं की मला करमत नाही. ती पोरगी तिथल्या मोठ्या मुलींपैकी. मला चाळिशी लागली होती, सुईत दोरा ओवता यायचा नाही. ती न सांगता पुढं यायची, दोरा ओवून द्यायची आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसायची. दोन वर्षं एवढंच आमचं नातं. मूल न्यायला येणारे लोक तान्ही बाळं नेत. त्या बाळांना आंघोळ घालून, नवा फ्रॉक चढवून दारापर्यंत पोचवायला हीच असायची. एकदा असंच एक बाळ गाडीत बसवून ती आत आली आणि नेहमीसारखी माझ्यासमोर हात पुढं करून उभी राहिली, सुईसाठी. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मला तान्हं नको."

हे सगळं सासूबाईंना फोनवर कसं सांगायचं? मी म्हटलं, "आई, हीच पाहिजे."

"तुमच्या मनाला यील ते करा," त्या म्हणाल्या. पुढं कित्येक महिने त्या फोनवर ऊस, पाऊस, म्हैस सगळं विचारायच्या. पोरीचं नाव नाही.

तिथला नियम असा की आधी काही महिने मूल तुमच्याकडं राहायला येतं, सरकारी बाई अधूनमधून बघून जातात, मग कोर्ट. ती आली तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत दोन फ्रॉक आणि एक टॉवेल. पिशवी तिनं दाराजवळच ठेवली. बूट काढले नाहीत. मी विचारलं, भूक लागली? "बादो." झोप आली? "बादो." बादो म्हणजे अजून नाही. पहिले तीन दिवस आमच्या घरात एवढा एकच शब्द होता.

चौथ्या दिवशी तिच्या हातून कप फुटला. आवाज ऐकून मी आतून आले, तर ती तुकड्यांपाशी नव्हतीच. दाराजवळ पिशवी हातात घेऊन उभी होती. रडत नव्हती. आता परत जायचं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं. माझा नवरा मुळात बोलायला कमी. त्यानं टेबलावरचा दुसरा कप उचलला, तिच्याकडं बघितलं आणि कप सोडून दिला. खळ्ळकन आवाज झाला.

"आता मलाबी जायला पायजे," तो मराठीतच म्हणाला, आणि कोपऱ्यातली आपली बॅग घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसली. आधी हळू, मग पोट धरून. सहाच्या सेटमधले दोन कप गेले होते, त्यामुळं मला राग आला नाही असं नाही. पण त्या रात्री तिनं बूट काढून ठेवले.

कागदपत्रांत वर्षाच्या वर गेलं. तिथलं कोर्ट, इथलं सरकार, शिक्के, पासपोर्ट. तोवर नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं आणि गावाजवळच्याच कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. आम्ही तिघं कायमचे घरी निघालो. मुंबईहून छोट्या विमानानं सांबऱ्याच्या विमानतळावर उतरलो, सकाळचे साडेदहा वाजले होते. अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बाहेर खव्याच्या कुंद्याचा डबा घेऊन उभा.

सामान घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि ही बुटाची नाडी बांधायला मागं राहिली. मी दिसेना म्हटल्यावर तिनं मोठ्यांदा हाक मारली, "मामा! मामा!"

अण्णा डबा माझ्या हातात कोंबून धावला. "आलो गं बाळा, आलो!"

तो तिला हाताला धरून घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "शिकवून आणलंस व्हय गं? पयल्याच दिवशी मला मामा म्हणाली!"

मला त्याचं मन मोडवेना. गाडीत तिनं दहा वेळा तरी 'मामा' म्हटलं असेल. मामा, पाणी. मामा, ती म्हैस बघ. दर वेळी अण्णा गाडीचा वेग कमी करून "काय गं?" म्हणून मागं बघायचा. ट्रॅफिकमध्ये मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा मला सांगावंच लागलं.

"अण्णा, ती मला हाक मारतीया. त्यांच्यात मामा म्हणजे आई."

वडगावच्या कमानीशी आल्यावर त्यानं विचारलं, "मग मी कोण?"

"म्जोंबा."

"म्हंजी?"

"मामाच की. तिकडं मामाला म्जोंबा म्हणतात."

संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याला मजोंबा म्हणायला लागली. माग चालवणारी माणसंसुद्धा. साडीचा व्यापारी आला, तोही म्हणाला, "काय मजोंबा, माल तयार हाय काय?" चार पिढ्या विणकाम करणाऱ्या घरातला माणूस, पण आता त्याला गल्लीत त्याच्या नावानं कोणी ओळखत नाही. त्याला ते आवडतं, हे तो कबूल करत नाही.

दोन दिवस राहून आम्ही बोरगावला, माझ्या सासरी निघालो. मला धाकधूक होती ती इथून पुढचीच. सासूबाईंसमोर पोरगी नीट दिसावी म्हणून मी तिला इस्त्री केलेला पिवळा फ्रॉक घातला होता. निपाणीपर्यंत बस, पुढं भाड्याची गाडी. बोरगावच्या रस्त्याला लागलो आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आला.

"मुवा!" ती ओरडली. "मामा, मुवा!"

मुवा म्हणजे ऊस. तिकडं तिच्या गावाभोवती उसाशिवाय काही नव्हतं. इतका वेळ खिडकीतून नुसती बघत बसलेली पोरगी एकदम सीटवरून उठून उभी राहिली. नवऱ्यानं गाडी थांबवायला लावली, ट्रॅक्टरवाल्याकडून एक कांडकं मागून आणलं. मी विळा कुठं मिळतो बघत होते, तोवर तिनं दातानं साल ओढून काढलीसुद्धा. ट्रॅक्टरवाला उतरून बघत राहिला.

"पोरगी आपल्याकडचीच हाय की हो!" तो म्हणाला.

घर येईपर्यंत हनुवटीपासून कोपरापर्यंत रस, आणि पिवळ्या फ्रॉकवर डाग.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. उंबऱ्याजवळ पाण्याचा तांब्या आणि ताटलीत भाकरीचा तुकडा. तो लेकासाठी होता की सगळ्यांसाठी, मला कळेना. ओवाळून त्यांनी तुकडा बाजूला टाकला, पायांवर पाणी घातलं, तिघांच्याही. मी पोरीला खांद्याला हळूच ढकललं. ती एक पाऊल पुढं झाली.

"शिकामो, बिबी."

"काय म्हंटली गं ती?"

"आजी, तुमचे पाय धरते, म्हणाली. तिकडं मोठ्या माणसाला असंच म्हणतात."

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नुस्तं तोंडानं व्हय? आमच्यात वाकून धरत्यात."

मी तिला स्वाहिलीत सांगितलं, खरंच धर. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी आजीचे दोन्ही घोटे पकडले. घट्ट. कधी सोडायचं हे मी सांगितलं नव्हतं, म्हणून सोडलेच नाहीत. सासूबाईंना हलता येईना. एक हात दाराच्या चौकटीला धरून त्या म्हणाल्या, "अगं सोड, पडंन की मी! आणि हात किती चिकाट हिचं! काय खाल्लंय?"

"ऊस, आई."

"कुणाचा?"

"रस्त्यातला ट्रॅक्टरचा."

"लोकाचा कशाला? आपला काय जळलाय व्हय?" असं म्हणून त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि हात धुवायला न्हाणीत घेऊन गेल्या. नवरा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "झालं."

पण एवढ्यावर झालं नव्हतं. दुपारपासून बायका बघायला यायला लागल्या. तिकडं शाळेत मुलींचे केस बारीक कापतात, तिचेही तसेच होते. पहिलीनं विचारलं, "तिरुपतीला जाऊन आलासा व्हय?" दुसरीनंही तेच. तिसरी आली तेव्हा सासूबाई उत्तर देऊन कंटाळल्या होत्या. "व्हय, आलाव जाऊन. लाडू संपलं," म्हणाल्या. एक म्हातारी तिच्याकडं निरखून बघत म्हणाली, "लई काळी हाय की गं." मी काही बोलायच्या आत सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या तिथूनच म्हणाल्या, "बोरगावात गोरं कोण हाय ते मला एकदा दाव. मग बोलू." म्हातारी हसली, तिनं चहा घेतला आणि जाताना पोरीच्या हातात पेरू ठेवून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला खोलीत बोलावलं. अंथरूण काढताना त्यांना उशीच्या अभ्र्यात काहीतरी लागलं होतं. दीड भाकरी, गुळाचा खडा, अर्धा पेरू. सगळ्याला मुंग्या. मला माहीत होतं. तिकडं क्वार्टरमध्येही ती असंच करायची, मग थांबली होती. नवीन घर आलं तसं परत सुरू झालं. मी खालच्या आवाजात सांगितलं की अनाथ मुलांच्या घरात कधी पुरायचं, कधी नाही, म्हणून मुलं लपवून ठेवतात, तिला रागावू नका.

सासूबाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, आता लेकाला सांगतील. त्या परत आल्या त्या पितळी डबा घेऊन. घट्ट झाकणाचा, आत त्यांची लग्नातली जोडवी आणि जुने फोटो असायचे. ते सगळं त्यांनी पदरात ओतून घेतलं होतं. पोरीला हाक मारून समोर बसवलं. उशी दाखवली तशी ती आखडली. त्यांनी दोन ताज्या भाकऱ्या डब्यात घातल्या, गूळ घातला, झाकण दाबून लावलं आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"ह्यात ठिवत जा. उशीत मुंग्या हुत्यात," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी शिळं काढायचं, ताजं घालायचं. तुझा डबा. कोण हात लावणार न्हाय."

मी स्वाहिलीत सांगायला तोंड उघडलं, पण पोरीनं मान हलवली होती. तिला कळलं होतं.

महिनाभर ती डबा भरत राहिली. मग एक दिवस त्यात भाकरीऐवजी चिंचोके निघाले. खेळायला गोळा केलेले.

शाळेत नाव घालायला आम्ही दोघीच जाणार होतो, म्हणजे मी आणि पोरगी. सासूबाई "मी काय करू येऊन?" म्हणत लुगडं बदलून आधीच चपला घालून उभ्या होत्या. गावातल्या मराठी शाळेच्या बाईंनी फॉर्म भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण. जन्मठिकाणाचं स्पेलिंग मी तीनदा सांगितलं. मग बाईंचं पेन थांबलं.

"मातृभाषा काय लिहू?"

आमच्या सीमाभागात या रकान्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मराठी का कन्नड, एवढाच वाद. तिसरं काही असू शकतं असं त्या कागदाला कधी कोणी सांगितलं नसावं. मी नवऱ्याला फोन करावा का असा विचार करत होते.

"बाई, आई म्होरं बसलीया की," सासूबाई म्हणाल्या. "तिची जी हाय ती लिवा."

बाईंनी मराठी लिहिलं. मी म्हटलं, "शेजारी स्वाहिली पण लिहा ना. ती पण तिचीच आहे." रकान्यात जागा नव्हती, बाईंनी बारीक अक्षरात कडेला बसवलं. मग पोरीला कन्नडमध्ये, मराठीत आणि हिंदीत तिचं नाव विचारलं. तिन्ही वेळा तिनं नीट सांगितलं.

तिला वर्गात बसवून आम्ही निघायचं, पण सासूबाई काही हलेनात. "मधली सुट्टी हुईस्तवर थांबू. रडली बिडली तर?" आम्ही कंपाउंडच्या भिंतीला टेकून उन्हात उभ्या राहिलो. तास-दीड तास. सासूबाई मला सांगत होत्या की त्यांचं माहेर याच गावातलं, त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नाहीत, पण याच भिंतीवरून भावाला भाकरी द्यायला यायच्या. इतक्या वर्षांत हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुली होत्या, एकीनं तिचा हात धरला होता. मी हात वर केला. ती आमच्या अगदी पुढून पळत गेली. बघितलंच नाही. लंगडीचा डाव मांडायचा होता, आणि ती काहीतरी ओरडत होती, "माजा पयला नंबर, माजा!"

सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग चपला नीट करत म्हणाल्या, "चल. हितं आपलं काय काम न्हाय आता."

आम्ही दोघी चालत घरी आलो. वाटेत ऊसतोडीची टोळी कधी येणार, या वर्षी कारखाना कधी सुरू होणार, यावर त्या बोलत होत्या, आणि मी हो हो म्हणत होते.