चौकटीत न मावलेली सातवी जागा

"मॅडम, सहाच जागा हायत ना?" बोरस्ते सरांनी फोनवर विचारलं.

मी टेबलावरचा शनिवारचा अंक उघडला, नववं पान काढलं, चौकटीतल्या ओळी मोजल्या आणि हो म्हणाले. सहाच.

नाशिकमधल्या एका दैनिकात मी फॅमिली पान पाहते. नवा सिनेमा मुलांना दाखवावा का, हे पालकांना सांगणारी चौकट त्या पानावर असते. चौकट म्हणजे मुख्य मजकुराच्या बाजूला, रेघांच्या आत दिलेला छोटा मजकूर. तिच्यासाठी मी शुक्रवारचा पहिला शो बघते. पडद्यावर सेन्सॉर सर्टिफिकेट आलं की मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करते. ज्या प्रसंगात मूल घाबरेल असं वाटतं, त्याचं मिनिट अंधारातच वहीत लिहिते. अक्षर वाकडं येतं, पण मिनिट चुकत नाही. जाहिराती आणि ट्रेलर त्यात धरत नाही, कारण ते प्रत्येक थिएटरात वेगळे असतात.

त्या आठवड्यात डायनासोरचा सिनेमा लागला होता. एका बेटावर अडकलेले बहीण-भाऊ, त्यांना शोधणारा बाप आणि मधे हे प्राणी. हिंदी डबिंग चांगलं होतं. चौकटीत मी अशा सहा घाबरवणाऱ्या जागा, मिनिटांसह, दिल्या होत्या. सगळ्यात भीतिदायक वर, सौम्य खाली.

बोरस्ते सर निफाड तालुक्यातल्या एका शाळेत चौथीचे वर्गशिक्षक आहेत. शाळेची सहल नाशिकला येणार होती. सकाळी हा सिनेमा, मग पंचवटी, मग परत. शंभरावर मुलं होती, म्हणून थिएटरनं त्यांच्यासाठी वेगळा शो ठेवला होता. एवढ्यासाठी कुणी वर्तमानपत्राला फोन करत नाही. त्यांनी कारण सांगितलं.

त्यांच्या वर्गात ईश्वरी नावाची मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी घरामागे हात धुवायला गेली असताना उसातून बिबट्या आला आणि त्यानं तिचा खांदा धरला. आई तीन पावलांवर होती. तिनं हातातली बादली त्याच्या तोंडावर मारली. बिबट्यानं मुलीला सोडलं. खांद्याला टाके पडले, जखम भरली. पण ईश्वरी अजून झोपेतून ओरडत उठते. कुठे अचानक काही हललं की तिचे पाय जागच्या जागी थिजतात, मग तिला उचलून न्यावं लागतं.

आता सगळा वर्ग सिनेमाला चालला होता आणि तिलाही जायचं होतं. आई, सुनीताताई, आधी नाही म्हणाल्या. मग बोरस्ते सरांनी त्यांना आमची चौकट दाखवली. सुनीताताई सोबत येणार, कडेच्या खुर्चीवर बसणार, घड्याळ बघणार आणि प्रत्येक जागेच्या दोन मिनिटं आधी मुलीला बाहेर नेणार, असं ठरलं. कात्रण त्यांनी पर्समध्ये ठेवलं होतं.

"ताईंचा सगळा भरवसा त्या कागदावर हाय," सर म्हणाले. "म्हणून म्हटलं, एकदा तुम्हाला विचारून घ्यावं."

मी पुन्हा सांगितलं, कागद बरोबर आहे.

सहल दुसऱ्या दिवशी होती. मी दहाला ऑफिसात आले. नव्या आठवड्याच्या सिनेमासाठी वहीचं कोरं पान काढताना मागचं पान उलटलं गेलं. डायनासोरच्या सिनेमाच्या नोंदी तिथे होत्या. त्या सात होत्या.

सातवी नोंद अशी होती: "५१ मि. – पाणथळ जागा, डोक्याहून उंच गवत. मुलं आत. प्राणी दिसत नाही, आवाज नाही. गवताचा पट्टा हलतो. सौम्य."

काय झालं असणार ते लगेच कळलं. बातमी लिहिताना सगळ्यात महत्त्वाचं आधी आणि कमी महत्त्वाचं शेवटी, असं लिहायला आम्हाला शिकवलेलं असतं. याचं कारण व्यावहारिक आहे. पान लावताना जागा कमी पडली की डेस्कवरचे उपसंपादक मजकूर शेवटून कापतात, वाचून ठरवत बसायला वेळ नसतो. त्या शुक्रवारी पानावर एक जाहिरात ऐनवेळी वाढली होती. शेवटची ओळ मीच उडवली होती, आणि विसरले होते. फोनवर मी छापलेल्या कागदाची खात्री छापलेल्याच कागदावरून केली होती. वही ड्रॉवरमध्ये होती.

ज्या मुलीवर उसातून बिबट्या आला, तिच्यासाठी बनवलेल्या यादीतून मी नेमकं गवत काढून टाकलं होतं.

दहा पन्नास झाले होते. बोरस्ते सरांचा फोन बंद लागला. सिनेमा सुरू होण्यापूर्वी मोबाइल बंद करा असं मुलांना सांगणारा शिक्षक स्वतःचा आधी बंद करतो. थिएटरचे मॅनेजर रियाज शेख माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी तिसऱ्या वेळी उचलला.

"फिल्म किती वाजता सुरू झाली?" मी विचारलं.

"दहा पस्तीसला. ट्रेलर नाही, काही नाही. डायरेक्ट फिल्म. का हो?"

दहा पस्तीस अधिक एक्कावन्न मिनिटं, म्हणजे अकरा सव्वीस. चूक माझी होती, ती मलाच सांगायला हवी होती. मी म्हटलं, येऊन सांगते.

स्कूटरवरून पोचायला वीस मिनिटं लागली. सिग्नलला थांबले तेव्हा हिशोब केला. वेळेच्या क्रमानं तिसरी जागा एकोणचाळिसाव्या मिनिटाला होती. म्हणजे अकरा बाराच्या सुमारास सुनीताताई मुलीला घेऊन हॉलबाहेर येणार. अंधारात शोधाशोध करायची गरज नव्हती. दारापाशी उभं राहिलं की झालं.

अकरा अकराला मी दारापाशी होते. अकरा बारा झाले, चौदा झाले. आतून मोठी डरकाळी ऐकू आली आणि तिच्या पाठोपाठ शंभर पोरांचा आरडाओरडा. तिसरी जागा येऊन गेली होती. दार उघडलं नव्हतं.

याचे दोनच अर्थ मला सुचले. एक, त्या आलेल्याच नाहीत. दोन, मुलगी खुर्चीत थिजली आहे आणि आईला तिला उठवता येत नाहीये. मी दार थोडं उघडून आत पाहिलं. रांगेवर रांग, सगळ्या मुलांना सारखेच निळे स्वेटर. बायकाही पाच-सहा होत्या. सुनीताताईंना किंवा बोरस्ते सरांना मी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी शेखभाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, तेवढा प्रसंग गाळता येईल का.

"फिल्म सेन्सॉर पास होऊन येते, मॅडम. आपण काही कापू शकत नाही," ते म्हणाले. "आणि मधेच बंद करून लाइट लावले तर पोरं घाबरतील, ते वेगळंच."

मग त्यांनी स्वतःच विचारलं, "तुमचा सीन एक्कावन्नला ना? आपला इंटरव्हल अठ्ठावन्नला आहे."

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं. परदेशी सिनेमात इंटरव्हल नसतो, तो इथे घातला जातो. कुठे घालायचा ते कंपनी कळवते आणि प्रोजेक्टरच्या कंप्युटरमध्ये ती वेळ आधीच भरलेली असते. पण ऑपरेटरला तो हातानंही घेता येतो.

"सात मिनिटं आधी घेतो. स्पेशल शो आहे, पब्लिक तक्रार करणार नाही. उलट समोसे गरम आहेत."

"कंपनीनं विचारलं तर?"

"तर म्हणेन, पोरांना सूसू लागली होती."

ते वर प्रोजेक्शन रूममध्ये गेले. अकरा पंचविसाला पडद्यावर बहीण-भाऊ पाण्याच्या कडेला आले, समोर गवत दिसलं, आणि चित्र थांबून इंटरव्हलची पाटी आली. हॉलमध्ये दिवे लागले.

मुलांचा लोंढा बाहेर आला. त्यात विचारत विचारत बोरस्ते सर सापडले. त्यांनी मला सुनीताताईंपाशी नेलं. काळ्यासावळ्या, पस्तिशीच्या, हातात चुरगळलेलं कात्रण. शेजारी ईश्वरी उभी होती. थिजलेली वगैरे नव्हती. पॉपकॉर्नकडे बघत होती.

तुम्ही बाहेर का आला नाहीत, हे मी आधी विचारलं.

"पहिल्या बारीला आलो ना," सुनीताताई म्हणाल्या. "दुसऱ्या बारीला ही उठंच ना. म्हणती, आई, तू बस. जो एवढा वरडतो त्याला काय भ्यायचं? तो कुठं हाय ते तर कळतंय."

मी सातव्या जागेचं सांगितलं. कागदात का नाही तेही सांगितलं. चूक माझी आहे, हे वाक्य मी दोनदा म्हटल्याचं आठवतं. सुनीताताईंनी कात्रणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या चिडल्या नाहीत. त्यांचा हात मुलीच्या खांद्यावर गेला.

"मंग आम्ही हितंच थांबतो," त्या म्हणाल्या. "तेवढं झाल्यावर जाऊ."

ते सोयीचंच होतं. इंटरव्हल संपल्यावर प्रसंग लगेच येणार होता आणि तीन मिनिटांत संपणार होता. मी हो म्हणणार, तेवढ्यात ईश्वरीनं मला विचारलं, "तो दिसत नाय का त्याच्यात?"

मी आईकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"दिसत नाही," मी म्हणाले. "फक्त गवत हलतं."

"सगळं हलतंय का थोडंच?"

वहीत होतं तेच सांगितलं. पट्टा हलतो.

"मंग तो वारा नाय," ती म्हणाली. "वाऱ्यानं सगळा ऊस हलतो." मग तिनं विचारलं, "ते दोघं काय करत्यात? पळत्यात का?"

"पळतात."

"येडे हायत," ईश्वरी म्हणाली. आणि आईला म्हणाली, "मला बघायचंय."

सुनीताताई नको म्हणत होत्या. बोरस्ते सर मधे पडले. त्यांनी तोडगा काढला तो शाळेतला होता. वर्षातून दोनदा वनखात्याचे लोक त्यांच्या शाळेत येतात. उसाजवळून जाताना एकट्यानं जायचं नाही, वाकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं, बिबट्या दिसला तर पळायचं नाही, असं शिकवून जातात. मुलं शाळेत येतात-जातात ती याच पद्धतीनं, घोळक्यानं आणि गाणी म्हणत. सरांनी चौथीच्या वर्गाला तसंच बसवलं. ईश्वरी मधल्या रांगेत, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सर, पुढे-मागे सगळा वर्ग. शेखभाईंनी पायऱ्यांचे आणि भिंतीवरचे दिवे लावून ठेवले, आवाज दोन पॉइंट कमी केला. मी त्या रांगेच्या टोकाला पायरीवर बसले. त्यांच्यापैकी कुणीही उठलं असतं तर मला कळलं असतं.

सिनेमा सुरू झाला. बहीण-भाऊ गवतात शिरले. संगीत थांबलं. मी पडदा पाहत नव्हते, रांग पाहत होते. ईश्वरीनं दोन्ही हातांनी आईचा दंड धरला होता. तिचा चेहरा मला कडेनं दिसत होता. तो हलत नव्हता.

पडद्यावर उजव्या बाजूला गवताची एक रेघ सरकू लागली.

"तिकडं हाय," ईश्वरी म्हणाली. आवाज बारीक होता, पण शांत हॉलमध्ये तो चार रांगा ऐकू गेला. "उजवीकडं. पळू नका."

मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "ए, वाकू नको रे." दुसऱ्यानं मोबाइलवर गाणं लावायचा सल्ला दिला. मग सगळी चौथी सुरू झाली, तिच्यामागून तिसरी आणि पाचवी. एकत्र राहा. हात वर करा. आरडा. पडद्यावरची मुलं अर्थातच वेगवेगळ्या दिशांनी पळाली. हॉलमधून एकच हताश सूर निघाला, मॅचमध्ये सोपा कॅच सुटल्यावर निघतो तसा. ईश्वरीनं आईचा दंड सोडला आणि कपाळावर हात मारला.

सुनीताताई रडत होत्या. मुलीला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड माझ्या बाजूला वळवलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, प्यायल्या नाहीत.

उरलेल्या तीन जागा आल्या आणि गेल्या. रांगेतून कुणी उठलं नाही. शेवटी सगळ्यात मोठा डायनासोर डरकाळी फोडून कड्यावरून पडला तेव्हा चौथीच्या वर्गाचं अर्धं लक्ष पंचवटीत जेवायला काय मिळणार याकडे होतं.

ऑफिसात आल्यावर मी संपादकांना सांगितलं की शनिवारी शुद्धिपत्र द्यायचं आहे. शुद्धिपत्र म्हणजे छापलेली चूक दुरुस्त करणारी सूचना.

"छापलंय त्यातलं काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. न छापलेलं चुकलं."

"त्याला शुद्धिपत्र नसतं."

मी त्यांना सकाळची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि दोन ओळींची जागा दिली. शनिवारी सातवी जागा छापून आली. तोवर सिनेमा एकाच थिएटरात उरला होता.

चौकटीची पद्धत मात्र बदलली. आता जागा भीतीच्या क्रमानं देत नाही, मिनिटांच्या क्रमानं देते. कुणाला कशाची भीती वाटावी हे डेस्कवर बसून ठरत नाही. कोणत्या मिनिटाला काय येतं तेवढं सांगता येतं. जागा कमी पडली तर फोटो लहान करतो. 'सौम्य' हा शब्द मी लिहायचा सोडला आहे.

दोन आठवड्यांनी बोरस्ते सरांचा फोन आला होता. परतीच्या बसमध्ये ईश्वरी झोपली, निफाड येईपर्यंत उठली नाही, ओरडलीही नाही. त्यानंतर दोनदा रात्री ओरडली, पूर्वी रोज ओरडायची. उसाच्या कडेनं ती अजून एकटी जात नाही. ते बरोबरच आहे. तिथला बिबट्या खरा आहे.