ठोकळ्यांना हात न लावणारी मुलगी

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो.

देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातून मालकीणबाईंची सोन्याची पोत गेली होती. तिथल्या माळ्याने खबर दिली, की घरकाम करणाऱ्या मुलीला कपाटातून ती काढताना त्याने खिडकीतून पाहिलं. मुलगी पेठ तालुक्यातल्या खेड्यातली, वीस-एकवीस वर्षांची, शाळेत न गेलेली. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी विचारलं, "पोत तू काढलीस?"

"हो साहेब."

"कुठे ठेवलीस?"

"नाय ठेवली, साहेब."

मला वाटलं, बनवाबनवी करतेय. गुन्हा उघडकीस आला म्हणून मी खुशीत चहा मागवला आणि तिला अटक केली. पोत मात्र सापडेना.

मुलगी मंद आहे, तिची बुद्धी तपासा, असा अर्ज तिच्या वकिलांनी केला. कोर्टाने तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तपासणीच्या दिवशी मी स्वतः गेलो, तर मानसशास्त्रज्ञ बाई भडकलेल्याच होत्या.

"बुद्ध्यांकाचा आकडा फार कमी आलाय, साहेब. पण नुसता आकडा लिहून मी सही करणार नाही. चित्राप्रमाणे रंगीत ठोकळे जुळवायचे होते. मी घड्याळ लावलं, तर ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वेळ संपली, गुण शून्य. का गं, विचारलं तर म्हणते, 'दुसऱ्याच्या वस्तूला सांगितल्याबिगर हात नाय लावायचा.' मग 'लाव हात' म्हटलं, तर सगळे बरोबर जुळवले!"

मी चरकलो. मुलगी बाकावर बसली होती. तिच्याजवळ जाऊन विचारलं, "मग पोतीला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

"दादांनी. बाईंना पायजे म्हणले. मी काढून त्यांच्या हातात दिली."

दादा म्हणजे मालकांचा थोरला मुलगा. फिर्याद द्यायला तोच सर्वांत पुढे होता! संध्याकाळपर्यंत त्याने कबूल केलं आणि सराफाकडून मुद्देमाल हस्तगत झाला.

"अगं, हे आधी का नाही बोललीस?" मी म्हणालो.

"तुम्ही इचारलंच नाय, साहेब."

खरंच नव्हतं विचारलं. इतकी वर्षं तपास केलेला माणूस मी, एक साधा प्रश्न विचारायला विसरलो आणि ती अकरा दिवस कोठडीत राहिली. बुद्धी कमी पडली ती माझी. माझी चाचणी घ्यायला मात्र कुणी अर्ज केला नाही.

सुटल्यावर ती ठाण्यात सामान न्यायला आली. तिची कापडी पिशवी टेबलावरच होती. "जा आता घरी," मी म्हणालो. ती पिशवीकडे पाहत उभीच राहिली. शेवटी मी पिशवी उचलून तिच्या हातात दिली, तेव्हा कुठे ती निघाली.