कायदा डबा घेऊन निघाला

सकाळी सव्वासातला तो जिना उतरू लागला की खालच्या सलूनच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "सरका रे, कायदा डबा घेऊन निघाला." मग सगळे हसायचे. हसणारे सगळे विमानांचे मेकॅनिक होते आणि त्यांच्यातल्या एकालाही त्या वेळी कुठे जायचं नसायचं.

हे नाव त्याच्या मेहुण्यानं ठेवलं होतं आणि ते अगदी मापाचं होतं. सरकारनं आपली विमान कंपनी विकली तेव्हा विक्रीच्या कायद्यात एक कलम घातलं होतं : नवे मालक या शहरातलं विमान दुरुस्तीचं वर्कशॉप चालू ठेवतील. मालकांनी सहा वर्षं ठेवलं. मग दुरुस्तीचं काम बाहेरच्या एका फर्मला दिलं आणि माणसंही तिच्याच नावावर चढवली. दीड वर्षात फर्मनं हात वर केले. विमानं समुद्रापलीकडे स्वस्तात दुरुस्त होऊ लागली, तीनशे ऐंशी माणसं घरी बसली आणि कलम तेवढं मागे राहिलं. त्या कलमासाठी कंपनीनं हँगरची वीज चालू ठेवली आणि एक माणूस ठेवला. टूलरूमवाला.

त्यालाच का, असं कोणी विचारलं नाही. त्याच्याइतका नेमाचा माणूस त्या हँगरात दुसरा नव्हता. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर पळी, झारा, सांडशी आणि स्वतःचा जेवणाचा डबा यांच्या पेन्सिलीनं आकृत्या काढल्या होत्या, म्हणजे काय जागेवर नाही ते एका नजरेत कळावं. बायको माहेरी जाऊन सांगत होती तेव्हा हसत होती. तेव्हा.

टूलरूममध्येही तसंच होतं. भिंतभर फळ्या आणि त्यांवर प्रत्येक पान्याची, पक्कडीची काळी आकृती. मेकॅनिकनं हत्यार नेलं की त्या जागी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा, परत आणलं की बिल्ला काढून न्यायचा. दोन्ही वेळा रजिस्टरात नोंद व्हायची. संध्याकाळी एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान हलत नसे, कारण इंजिनात राहिलेला एक पाना दोनशे माणसं मारू शकतो. एकदा मेहुण्याच्या खिशातून पान्याचा एक बारका सॉकेट बाहेर गेला. बिचारा अर्ध्या वाटेवरून धावत परत आला आणि खिडकीत वाकून हळूच म्हणाला, "दाजी, पाचला जमा झाला असं लिहा ना. कोणाला कळतंय?" त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि सहा चाळीस लिहिलं. मेहुणा आठ दिवस निलंबित झाला.

"माझा भाऊ होता तो," बायको म्हणाली.

"सहा चाळीस झाले होते," तो म्हणाला.

आता त्या भल्यामोठ्या रिकाम्या हँगरात तो एकटा होता. विमान येत नव्हतं, पण हत्यारं तर गंजतात. म्हणून तो रोज चौदा हत्यारं काढायचा, पुसायचा, तेल द्यायचा, माप तपासायचा आणि परत लावायचा. नियम म्हणजे नियम. स्वतःचा बिल्ला स्वतःच अडकवायचा, खिडकीच्या आत बसून देणाऱ्याची सही करायचा, मग दार उघडून बाहेरच्या बाजूला जायचा आणि घेणाऱ्याची सही करायचा.

युनियननं कंपनीवर दावा लावला होता. वर्कशॉप बंद आहे असं कोर्टानं म्हटलं असतं, तर कंपनीला काम परत आणावं लागलं असतं आणि तीनशे ऐंशी जणांना परत बोलवावं लागलं असतं. पण आत काय चालतं हे पाहिलेला माणूस एकच होता. एका रविवारी मेहुणा घरी आला.

"ताई, चहा टाक. आज कायद्याकडे काम आहे."

"नीट बोल. दाजी आहेत तुझे."

"बरं, दाजी. तुम्ही फक्त कोर्टात उभं राहा आणि सांगा, दोन वर्षांत एक विमान आत आलं नाही. सोबत रजिस्टर आणा. तुमच्या रजिस्टरावर कोणाचा बाप शंका घेणार नाही. आठ दिवस घरी बसून मी त्याची खात्री केलीय."

"नोकरी जाईल माझी."

"आमची गेलीच आहे. बाकावर एक जागा तुमचीही करू."

तो बायकोकडे पाहत राहिला. ती चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही. "अहो, एकदा तरी जा त्याच्यासाठी," एवढंच म्हणाली.

तो हो म्हणाला. पुढचे दहा दिवस त्याला कोणी कायदा म्हटलं नाही. सलूनवाल्यानं रांग मोडून त्याची दाढी केली.

कोर्टात युनियनच्या वकिलानं विचारलं तसं त्यानं सांगितलं : एकही विमान आलं नाही. मागच्या बाकांवर माणसांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. मग कंपनीच्या वकीलबाई उठल्या. वयस्कर, मृदू आवाजाच्या. त्यांनी रजिस्टर दोन्ही हातांनी, अगदी जपून उघडलं.

"यात एखादी खोटी नोंद आहे?"

"एकही नाही."

"किती दिवसांच्या नोंदी आहेत?"

"पाचशे अठ्ठ्याण्णव."

"रोज टूलरूममधून चौदा हत्यारं दिली गेली?"

"हो, पण ती मीच मला..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

"आणि आता शेवटचं. हत्यारं तपासणं, हे विमान दुरुस्तीचं काम आहे का?"

मागच्या बाकावरून मेहुण्यानं नकारार्थी मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी. 'नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण एकतीस वर्षं तो प्रत्येक नव्या मेकॅनिकला हेच घोकून घेत आला होता आणि हे त्याला विचारणारं माणूस दोन वर्षांत पहिल्यांदाच भेटलं होतं.

"ते पहिलं काम," तो म्हणाला. आवाज जरा चढलाच. "हत्यार तपासलं नसेल तर दुरुस्ती होतच नाही."

"आभारी आहे," बाई म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं.

निकाल मंगळवारी लागला. एकोणीस पानं होती. कायद्यात 'चालू ठेवतील' एवढंच म्हटलं आहे, किती माणसांनी आणि किती विमानांवर ते म्हटलेलं नाही. वर्कशॉप चालू असल्याचा पुरावा कामगारांनी स्वतःच आणून दिला आहे. चौदाव्या पानावर नोंदी ठेवणाऱ्याच्या काटेकोरपणाचं कौतुक होतं.

बुधवारी सकाळी भिंतीवरची डब्याची आकृती रिकामी होती.

"डबा कुठंय?"

"भावाला दिला," बायको म्हणाली. "काम शोधत फिरायचंय त्याला."

त्या दिवशी कायदा डब्याशिवाय निघाला. बाकावरून कोणी हसलं नाही.

हँगरात नोटीस लागली होती. इतके दिवस माणसांनी पितळी बिल्ले जपून ठेवले होते. बिल्ला हातात आहे तोवर नोकरी गेलेली नाही, असं ती एकमेकांना सांगत. आता बिल्ला जमा केल्याशिवाय कामाचा दाखला मिळणार नव्हता आणि दाखल्याशिवाय दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं. जमा करून घेणारा तोच. कंपनीच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, नोकरी सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात 'स्वेच्छेने' लिहा.

"साहेब, ते खोटं होईल."

"कोणी त्यांना फरफटत आणतंय?"

"नाही."

"आपल्या पायांनी येतायत ना?"

"हो."

"मग?"

त्यानं खूप विचार केला. त्याला त्यात कुठे फट सापडली नाही.

दोन दिवस रांग चालली. कोणी बिल्ला त्याच्या अंगावर भिरकावला, तो त्यानं वाकून उचलला. एक रिव्हेट ठोकणारा खिडकीच्या फळीवर थुंकला. त्यानं फडक्यानं फळी पुसली, हात धुतले आणि नोंद केली. मेहुणा अगदी शेवटी आला, गुरुवारी पाचला आठ मिनिटं कमी असताना. काखेत डबा होता. त्यानं बिल्ला फळीवर ठेवला आणि रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं.

"स्वेच्छेने," त्यानं मोठ्यानं वाचलं. मग तो हसला. "शिकलात की दाजी खोटं लिहायला. महिनाभर आधी शिकला असतात तर!"

टूलरूमवाल्यानं रजिस्टर परत आपल्याकडे वळवलं आणि वेळ लिहिली. चार बावन्न.

"यात खोटं काय आहे?" तो म्हणाला. "तू आपल्या पायांनी आलास?"

"दाजी, अहो..."

"हो की नाही, एवढंच सांग."

मेहुण्यानं डबा एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घेतला.

"हो," तो म्हणाला.

कायद्यानं सहीसाठी पेन पुढे केलं.