कडकराव आणि कुरळी मांजर

भिंत एकच होती, त्यामुळे त्या बापलेकीचं भांडण ऐकायला मला कान लावावा लागला नाही. उलट ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडला, तरी ऐकू आलं. आधी जळक्या केसांचा वास आला, मग पोरीचा आवाज.

"केस आहेत बाबा, चादर नाही."

"उद्या शाळेचा फोटो आहे. असलं चुरगळलेलं डोकं घेऊन माझी मुलगी फोटोत बसायची नाही. लोक म्हणतील, इस्त्रीवाल्याच्याच घरात इस्त्री नाही."

"मग लोकांनाच करा इस्त्री."

बाप म्हणजे आमच्या इमारतीतला इस्त्रीवाला. दुकान खाली, राहायला वर, माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत. सगळे त्याला कडकराव म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तो ते कौतुक समजायचा. चौदा वर्षांच्या पोरीला खुर्चीत बसवून, तिचे कुरळे केस टेबलावर पसरून, वर ओलं फडकं टाकून या गृहस्थाने खरोखरच इस्त्री फिरवली होती. एक बट करपली. पोरीने सुटे धागे कापायची कात्री घेतली आणि सगळं डोकं स्वतःच भादरून टाकलं. फोटोत चाळीस विंचरलेली डोकी आणि एक भुंडं. तो फोटो कडकरावाने भिंतीवर कधी लावला नाही, आणि टाकूनही दिला नाही.

त्याची बायको पोर सहा वर्षांची असतानाच गेली. तिचेही केस तसेच होते, डोक्यावर पक्ष्याने घरटं केल्यासारखे. ते बरे चालले याला. एकदा मी तसं ऐकवलं, तर म्हणाला, "ती आली तेव्हाच तशी होती, ताई." जणू पोर मात्र त्याने घडी घालून घरात आणली होती.

कामाला तो वाईट नव्हता, हे कबूल करायला मला जड जातं, पण करते. सदऱ्याची कॉलर आधी उलट्या बाजूने, मग सुलट्या, मग खांदा, मग मनगटपट्ट्या, बाह्या, आणि पाठ-पोट शेवटी. हा क्रम मोडलेला मी कधी पाहिला नाही. पाणी तोंडाने फुर्रकन मारणाऱ्यांचा त्याला तिटकारा. हा बोटं बुडवून शिंपडायचा, अत्तर लावल्यासारखं. पण ती खोड दुकानापुरती राहिली असती तर तो माणूस म्हणून खपला असता. तो वर्तमानपत्र इस्त्री करून वाचायचा. रुमालाला घडी, फडक्याला घडी, पायपुसण्याला घडी. माझ्याकडे चहाला आला की बोलता बोलता माझ्या टेबलावरची चादर तळहाताने सपाट करत बसायचा. एकदा माझ्या कपाळावरच्या सुरकुत्यांकडे बघत होता, तेव्हा मी म्हटलं, "बघतोस काय? या वयाच्या आहेत, निघायच्या नाहीत."

मुलगी शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी लग्न करून मोकळी झाली. वर्षाकाठी एकदा यायची, खुर्चीच्या टोकावर बसायची आणि जायची. केस मात्र असे मोकळे सोडून यायची की दारातून आधी केस आणि मग ती.

आणि एक दिवस ती सातव्या महिन्याचं पोट आणि एक टोपली घेऊन आली. नवरा कामानिमित्त बाहेर, डॉक्टरांनी हिला पडून राहायला सांगितलेलं, तरी टोपली पोचवायला स्वतः आली. टोपली उघडली, आत मांजर. मी तिथेच होते.

"हिला काय झालंय?" कडकरावाने विचारलं.

"काही झालेलं नाही. जातच अशी आहे. रेक्स म्हणतात."

आमच्या लहानपणी गल्लीतल्या दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव रेक्स असायचं, पण ते असो. मांजर कशी असावी याबद्दल माझ्या फार अपेक्षा नाहीत. गुबगुबीत असावी आणि लोकांच्या भानगडीत पडू नये. ही करड्या रंगाची, लांब टांगांची काडी. अंगभर बारीक लाटा, जणू धुवून पिळली आणि झटकायची राहिली. कान वटवाघळाचे, अंगाच्या मानाने दोन मापं मोठे. डोळे सतत कुणीतरी दचकवल्यासारखे. आणि मिशा. मांजराची मिशी सरळ असते ही एक गोष्ट देवाने सगळीकडे पाळली होती. इथे तीही कुरळी, अर्धी तुटलेली, विस्तवाजवळ नेल्यासारखी. असलं ध्यान लोक हौसेने पाळतात, वर जातीचं नाव सांगतात.

"माझ्या पोटावर उड्या मारते," पोर म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे ठेवायची सोय नाही. नाहीतर तुमच्याकडे आले नसते. एकच सांगते बाबा. कंगवा लावायचा नाही, ब्रश लावायचा नाही. हिचे केस तसेच राहू द्यायचे. हात शिवशिवले आणि केलंत काही, तर बाळाला तुमच्या हातात द्यायची नाही मी."

ती हसत बोलली नाही. कडकरावालाही ते कळलं. त्याने नुसती मान हलवली आणि ती परत जायला निघाली तेव्हा तिच्या ओढणीचं टोक सरळ करायला गेलेला हात मागे घेतला. मी पाहिलं.

तर अशी ती मांजर इथे राहिली. नाव काहीतरी लांबलचक होतं, कडकराव तिला चुणी म्हणायला लागला. कापडात राहून गेलेली चुणी, जिच्यावर त्याने आयुष्यभर दात-ओठ खाल्ले, तीच. मला वाटलं कोपऱ्यात पडून राहील. कसली पडते. पातळ केसांमुळे तिला सदा थंडी, त्यामुळे ऊब जिथे तिथे ही. कडकराव एक सदरा इस्त्री करून ठेवी, वळून दुसरा घेईपर्यंत ही त्या गरम सदऱ्यावर. उचलली की खांद्यावर. खांद्यावरून काढली की पायात. खण उघडायला शिकली. जेवताना ताटात पंजा घालायची, ओरडलं तर ऐकूनच घ्यायची नाही, उलट उत्तर द्यायची. शेपटी हलवत मागे मागे फिरायची, खरं म्हणजे ते रेक्स नाव तिला शोभत होतं. पण पोट हातात धरलं तर शेकायच्या पिशवीसारखं गरम. हे मी एकदाच पाहिलं, माझा गुडघा दुखत होता म्हणून.

आठ दिवस कडकरावाने शब्द पाळला. नवव्या दिवशी समोरचा वकील कोट न्यायला आला आणि टेबलावरच्या चुणीकडे बघून म्हणाला, "काय कडकराव, ही धुतली आणि इस्त्री करायची राहिली वाटतं?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात, टोपली घेऊन. आत चुणी पाठमोरी, आणि पाठीवर पुरीएवढा गुळगुळीत तुकडा. एक केस नाही.

"ताई, मी जोर लावला नाही हो. नुसतं पाणी शिंपडलं आणि कोटाच्या ब्रशने चार हात मारले. सरळ होतील म्हणून."

"झाले की सरळ. ब्रशमध्ये आहेत."

आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, या जातीला वरचे राठ केस नसतातच, आतले मऊ तेवढेच, घासलं की तुटतात. दुखलेलं नाही. महिना-दीड महिन्यात उगवतील. परत येताना कडकराव झपाझप चालायला लागला.

"दीड महिना," तो म्हणाला. "बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत. तोवर सगळं जिथल्या तिथे. तिला कळायचं कारण नाही. आणि कळलंच तर ताई, तुम्ही सांगा, दाराच्या फटीत अडकली म्हणून."

मी रस्त्यातच थांबले. "अरे मूर्खा, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, पण या पिळलेल्या फडक्यासाठी बोलायची नाही. आणि केस उगवतात म्हणून तू सुटलास होय? पोरीचेही उगवले होते. मग ती खुर्चीच्या टोकावर का बसते?"

दोन दिवस भिंतीपलीकडून नुसत्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप. बायको गेली तेव्हासुद्धा चौथ्या दिवशी उघडलेलं दुकान. कडकराव टोपली घेऊन बसमध्ये बसला होता.

तिथे काय झालं ते मला पुढे पोरीनेच सांगितलं. त्याने टोपली पलंगावर ठेवली, मांजरीची पाठ तिच्याकडे केली आणि म्हणाला, "मी केलं." तिने त्या टकलावरून बोट फिरवलं.

"किती दिवस झाले?"

"तीन."

"तीन दिवसांत सांगायला आलात. माझ्या वेळी पंधरा वर्षं झाली, अजून आला नाहीत."

"तेही आताच सांगायला आलोय," कडकराव म्हणाला. आणि पलंगावरच्या पांघरुणाची घडी सारखी करायला लागला. तिने ते पांघरूण त्याच्या हातातून ओढून घेतलं, चांगलं चुरगळलं आणि अंगावर घेतलं.

बाळ झालं, मुलगी. डोकं कुणावर जाणार होतं, सांगायला नको. मी बघायला गेले तेव्हा कडकराव दाराशी उभा, हात खिशात. लेकीने ते लोकरीचं गाठोडं उचललं.

"दोन्ही हातांनी धरा," ती म्हणाली. "म्हणजे एकही मोकळा राहायचा नाही."

त्याने धरलं. तासभर धरून बसला, घाम आला तरी पुसेना, पुसायला हात कुठे होता. मला तर तो माणूस त्या दिवसाइतका बावळट कधीच दिसला नाही.

चुणी त्याच्याचकडे राहिली. तान्ह्या बाळाच्या घरात ती नको, असं ठरलं; मग बाळ मोठं झालं तरी कुणी विषयच काढला नाही. पाठ भरून आली, आणि मेली पहिल्यापेक्षा जास्त कुरळी. रोज संध्याकाळी सहाला कडकराव कपडे पोचवायला निघाला की ही खांद्यावर. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर तिला बसू द्यायचा नाही, तेवढी लाज होती. फक्त माझ्या गठ्ठ्यावर बसू द्यायचा. म्हणजे मी शनिवारी आठ अभ्रे द्यायचे, त्यातले सात कोऱ्या कागदासारखे यायचे आणि सगळ्यात वरचा मधोमध दबलेला, बशीएवढा. दर शनिवारी मी कुरकुर करायची, दर शनिवारी तो तोच गठ्ठा द्यायचा. अशी अकरा वर्षं गेली.

कडकराव शेवटचा आला तोही शनिवारच होता. सोमवारी दुकान उघडलं नाही, आणि भिंतीपलीकडे नुसती चुणी ओरडत होती, पण ते सोमवारी. शनिवारी तो सहाला आला. जिने चढून दम लागलेला, खांद्यावर ती म्हातारी, कुरळ्या मिशा हलवत. त्याने माझ्यासमोर अभ्रे मोजले, आठ. वरच्याचा कोपरा अंगठ्याने सरळ केला. मधल्या खळग्याला हात लावला नाही.

"वरचा परत चुरगळलाय," मी म्हटलं.

"तिथे ती बसली होती."

"मग इस्त्री केलीस कशाला?"

"गरमच लागतं तिला," तो म्हणाला. "ओल्या हाताने धरू नका, ताई." आणि वकिलाचा कोट हातावर आडवा टाकून समोरच्या इमारतीकडे गेला.