अब्बांनी शालीची पाठ बघितली

चूक माझीच. अब्बांना वस्त्रदालन दाखवायची हौस मलाच आली होती. आमच्या वस्तुसंग्रहालयात ते नवंच उघडलं होतं: पैठण्या, जरीचे अंगरखे, हिमरू शाली. काचा अजून बसायच्या होत्या, तोवर नुसती दोरी बांधलेली. म्हटलं, काच बसायच्या आत म्हाताऱ्याला जवळून बघू दे. उभी हयात त्यांनी हिमरू विणण्यात घातली. माग बंद पडून पंधरा वर्षं झाली, तरी बोटं गप्प बसत नाहीत.

मी तिथंच देखरेखीला असते, अकरा महिन्यांच्या करारावर. त्या आठवड्यात पुढच्या कराराचा माझा कागद संग्रहालयाच्या मुख्य साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. माग बंद पडल्यापासून घर माझ्याच पगारावर चालतं, त्यामुळं सही नाही झाली तर काय, हा विचारसुद्धा मी करत नव्हते. अशा दिवसांत बापाला तिथं न्यायचं काही अडलं होतं का? पण नाही. तेव्हा माझी अक्कल चरायला गेली होती.

माझ्या सुट्टीच्या दिवशी क्रांती चौकातून रिक्षा करून आम्ही गेलो. अब्बांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. तलवारी आणि चिलखतं त्यांनी पाच मिनिटांत उरकली. वस्त्रदालनात मात्र त्यांची पावलं मंदावली. कोपऱ्यात लाकडी चौकटीवर एक डाळिंबी हिमरू शाल टांगलेली होती. खाली पाटी: निजामकालीन, विणकर अज्ञात. ही शाल साहेबांनी स्वतः पारखून संग्रहात घेतली होती. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना तिच्यापुढं उभं करून ते अर्धा तास बोलले होते.

आता या हिमरूवाल्यांची एक खोड असते. कापड समोरून बघून ते कधी मत देत नाहीत. आधी काठ उलटायचा, पाठीवरचे सुटे धागे बघायचे, मग तोंड उघडायचं. समोरून कुणीही फसतं, असं त्यांचं म्हणणं. मी पाटी वाचून दाखवत होते, तेवढ्यात अब्बा दोरीखालून वाकून आत गेले आणि त्यांनी शालीचा काठ उलटला. हात लावू नका म्हणून मी दिवसभर लोकांवर खेकसते, आणि इथं माझाच बाप.

मी त्यांचा दंड धरून ओढलं, जरा जोरातच. ते जागचे हलले नाहीत. पाठीवरच्या एका गाठीवर त्यांचं बोट होतं.

“ये मेरे हाथ का है,” ते हळूच म्हणाले.

अब्बा डावखुरे. तुटलेला धागा जोडताना त्यांची गाठ उलटी वळते, आणि त्यापायी लहानपणी त्यांनी उस्तादांचा लई मार खाल्लेला. मी त्यांच्या मागाशेजारीच वाढले, ती गाठ मला अंधारात हातानंसुद्धा कळेल. वाकून बघितलं. त्यांचीच होती. एक नाही, ओळीनं चार. निजामाचं राज्य गेलं तेव्हा अब्बा जन्मलेसुद्धा नव्हते.

तोवर दारावरचा पहारेकरी ओरडला आणि आवाज ऐकून साहेब खोलीतून बाहेर आले. आत कोण, कसं, कुणाच्या परवानगीनं, असं त्यांनी एका दमात विचारलं. माझे वडील आहेत, हिमरू विणायचे, सवयीनं हात गेला, असं मी कसंबसं सांगितलं आणि माफी मागितली. हिमरू म्हटल्यावर साहेबांचा राग एकदम उतरला. जुना विणकर आता भेटतो कुठं, म्हणत त्यांनी अब्बांना शालीपाशीच उभं राहू दिलं.

“मग काका, तुम्हीच सांगा. किती जुनी असेल ही?”

मी साहेबांच्या मागं उभी होते. अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नको. इतकीशीच हलवली, पण हलवली.

“बहुत पुरानी है साब. हमारे परदादा के जमाने की.”

“आणि काम?”

इथं अब्बा अडखळले. आपल्या कामाची आपल्या तोंडानं तारीफ करायची नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. “ठीक है,” ते म्हणाले, “हाथ थोड़ा कच्चा है.”

साहेब हसले. काका, नीट बघा, हा उस्तादाचा हात आहे, असं त्यांनी अब्बांनाच समजावलं आणि वेलीतलं एकेक फूल दाखवत बसले. अब्बा मान खाली घालून ऐकत होते. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

परतताना रिक्षात मला रडू आवरेना. सही झाली की साहेबांना सगळं खरं सांगते, असं मी अब्बांना वचन दिलं.

“झूट मैं बोला,” अब्बा म्हणाले, “तू कायको रोती?”

सही त्याच आठवड्यात झाली. लगेच कसं सांगायचं म्हणून मी थोडे दिवस थांबले, मग आणखी थोडे. अब्बांनी एका शब्दानं विचारलं नाही. अकरा महिने कधी सरले कळलंही नाही, आणि कालपासून माझा नवा कागद साहेबांच्या टेबलावर पडून आहे.